बांधावर माशाचा डोळा

मराठवाड्यात जाऊन आले असं सांगितलं की आमची चिपळूणकडची माणसं आधी विचारतात, "पाणी होतं का?" आणि मग, "बघायला काय आहे तिथं?" पाणी होतं. बघायला काय आहे, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे. पण आधी माझ्या लेन्सविषयी सांगायला हवं. मी गेले ती तिच्यामुळे, आणि तिथं जे घडलं तेही तिच्यामुळेच.

मी सरकारी दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते. फोटो काढणं हा माझा छंद. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं धंदा बंद केला, तेव्हा त्याच्याकडून मी फिशआय झूम लेन्स घेतली. फिशआय म्हणजे माशाचा डोळा. पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी फुगून बाहेर आलेली, आणि तिला समोरचं, डावं-उजवं, वरचं-खालचं सगळं एकदम दिसतं. लेन्सची रिंग एका टोकाला फिरवली की अख्खं चित्र काळ्या चौकटीत थाळीसारखं गोल उमटतं. दुसऱ्या टोकाला फिरवली की चौकट भरते, पण कडेच्या सगळ्या सरळ रेघा धनुष्यासारख्या वाकतात.

ही लेन्स सांभाळणं म्हणजे लहान मूल सांभाळणं. फुगलेल्या काचेवर संरक्षणाला दुसरी काच बसत नाही, त्यामुळे धूळ, थुंकी, बोटं सगळं थेट तिच्यावर. जरा दुर्लक्ष झालं की चित्रात स्वतःच्याच चपला येतात. सकाळ-संध्याकाळ स्वतःची सावली येते. आणि समोरचा माणूस चार हात लांब असला तरी मुंगीएवढा दिसतो. त्याला नीट दाखवायचं तर हातभर अंतरावर जावं लागतं, आणि इतक्या जवळ गेलं की त्याचं नाक कोकमाएवढं होतं. माझा नवरा सुहास एकदाच समोर उभा राहिला. फोटो बघून म्हणाला, "मी इतका वाटोळा नाही." मग त्यानं लेन्सपासून कायमचं अंतर ठेवलं.

शोभा आमच्याच दवाखान्यात सिस्टर होती. मूळची कळंब तालुक्यातली, नोकरीसाठी कोकणात आली आणि निवृत्त होईपर्यंत राहिली. माझ्या फोटोंना नावं न ठेवणारी ती एकटीच. एकदा मासळीबाजाराचा फोटो तिला दाखवला होता. त्यात दोन्ही बाजूंच्या कोळणी, वरचं छप्पर आणि खालचं साचलेलं पाणी, सगळं एका गोलात आलं होतं. निवृत्तीनंतर ती गावाकडे गेली, आणि डिसेंबरात तिचा फोन आला.

"येळवशीला ये," ती म्हणाली. "आणि ती लेन्स आण. तुझ्या लेन्सीत सगळं मावतं म्हणतेस ना? मग आमचे दोन भाऊ मावतात का बघू."

कळंब

बसचा प्रवास सांगत नाही. बस ती बसच. सकाळी कळंबला उतरले तर थंडीनं कान दुखत होते. आमच्याकडे डिसेंबरात सुती चादर पुरते, इथं माणसं कानाला मफलर गुंडाळून चहाच्या गाड्याभोवती उभी होती.

शोभानं कळंबमध्येच दोन खोल्यांचं घर बांधलं आहे. तिची आई महिनाभर थोरल्या मुलाकडे, महिनाभर धाकट्याकडे आणि दोघांचाही कंटाळा आला की शोभाकडे, अशी राहते. सध्या शोभाची पाळी होती. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत गोंदण, कंबरेतून जरा वाकलेली, पण आवाज खणखणीत. मी तिला मावशी म्हणायचं ठरवलं. मी कॅमेरा बाहेर काढला तशी ती काचेत डोकावली.

"ह्यो कुणाचा डोळा काढून आणलास गं?"

"माशाचा, मावशी," मी गमतीनं म्हटलं. "याला माशाचा डोळाच म्हणतात."

तिनं पुढे केलेला हात झटकन मागे घेतला. "अगं बया! परवा येळवस. शेतात पांडवांम्होरं मासा न्यायचा न्हाय."

शोभा हसत म्हणाली, "माय, मासा न्हाय त्यो. काच हाय. नुसतं नाव हाय."

"नाव तरी कामून घ्यायचं मग?" मावशीनं काचेकडे पुन्हा बघितलं. "मोराचा डोळा म्हणा. मोर चालतो."

त्या दिवसापासून कळंबमध्ये माझ्याकडे मोराचा डोळा होता.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. हा सण आमच्याकडे नाही. मला वाटायचं अमावस्येला माणसं घरात बसतात. इथं अख्खं गाव घराला कुलूप लावून शेतात जातं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांची छोटी खोपी उभी करतात, तिच्यात पांडवांचे पाच दगड मांडून काळ्या आईची पूजा करतात आणि दिवसभर जेवतात. ओळख असो नसो, बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात.

दुपारी बाजारात गेले. ज्वारीची, तुरीची पोती, भाज्यांचे ढीग, आणि येळवशीच्या भज्जीसाठी उडालेली झुंबड. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हे हो. हरभऱ्याचे ओले दाणे, तूर, वाटाणा, वाल आणि मिळतील त्या पालेभाज्या बेसनात शिजवलेली ही दाट भाजी. आमच्याकडे बाजारात कॅमेरा काढला की बायका तोंड फिरवतात किंवा "आधी मासे घे, मग काढ" म्हणतात. इथं उलटंच झालं. मेथी विकणाऱ्या बाईच्या अगदी जवळ लेन्स नेली, तर ती आणखी पुढे सरकली आणि काचेत बघून तिनं आपलं कुंकू नीट केलं. शेजारच्या दाण्याच्या व्यापाऱ्यानं विचारलं, "ताई, ह्यातनं फोटू निगतो का टरबूज?" मी त्याला त्याचाच फोटो दाखवला. त्यानं तो बराच वेळ बघितला आणि मान हलवली. "टरबूजच हाय."

सोनारी

दुसऱ्या दिवशी शोभानं जीप ठरवली. परंडा तालुक्यातल्या सोनारीचा काळभैरव हे त्यांचं कुलदैवत, आणि येळवशीआधी त्याला नारळ द्यायचा हा मावशीचा हट्ट होता.

वाटेत पहिल्यांदा कळलं की या मुलखात आभाळ केवढं असतं. कोकणात कुठंही उभं राहा, डोंगर किंवा आंब्याचं झाड मध्ये येतंच. इथं काळी रानं, कणसांवर आलेली ज्वारी, पिवळी पडत चाललेली करडई, आणि चारी बाजूंनी जमिनीवर टेकलेलं आभाळ. जीप थांबवून मी खाली उतरले. फिशआयमध्ये क्षितिज बरोबर मध्यावर ठेवलं तर सरळ राहतं, जरा वर-खाली झालं की ताटलीच्या काठासारखं वळतं. मी किती वेळ कॅमेरा वर-खाली करत बसले कोण जाणे. शोभानं जीपमधून हाक मारली, "आभाळ इथंच राहणार आहे गं, जाताना पण!" घरी आल्यावर पाहिलं तर त्यातल्या बहुतेक फोटोंत माझे दोन अंगठे होते.

सोनारीच्या देवळात भाविकांइतकीच माकडं आहेत. पायरीवर, ओसरीवर, झाडावर, सगळीकडे. लोक त्यांना फुटाणे घालतात, केळी देतात, कोणी हाकलत नाही. मी खाली बसून लेन्सचं टोपण काढलं आणि एका आडदांड माकडाकडे कॅमेरा धरला. ते थबकलं. फुगलेल्या काचेत त्याला दुसरं माकड दिसलं असावं. ते दबकत जवळ आलं, वाकलं आणि काचेला नाक लावून त्यानं दात दाखवले. मी बटण दाबत राहिले. इतकी जवळची संधी पुन्हा कधी यायची! मग त्यानं काच चाटली. मी "अगं आई गं" म्हणून मागे झाले तेवढ्यात गुडघ्यावरचं टोपण त्यानं उचललं आणि समोरच्या झाडावर जाऊन बसलं.

पुढचा अर्धा तास देवळातल्या सगळ्यांनी माझं टोपण परत मिळवण्यात घालवला. केळं दाखवलं, ते दुसऱ्याच माकडानं पळवलं. फुटाणे टाकले, तर ते एका हातानं फुटाणे खात होतं, दुसऱ्या हातात टोपण. पुजाऱ्यांनी सुद्धा वर बघून त्याला समजावलं. शेवटी त्यानं टोपण चावून बघितलं, चव आवडली नाही, आणि देवळाच्या कौलांच्या पन्हळीत टाकून दिलं. तिथून ते कोणालाच काढता आलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाली. "द्येवाला डोळ्याची झापड वाहिली म्हणायचं."

शोभानं आपल्या पिशवीतल्या खणाची एक पिशवीवजा टोपी शिवली, नाडी ओवून. ती लेन्सवर बांधली तर कॅमेरा टोपडं घातलेल्या बाळासारखा दिसायला लागला. जेवणात गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वरून जवळच्या हॉटेलातला खव्याचा पेढा. हा भाग खव्याचा. पेढा तोंडात टाकला आणि टोपणाचं दुःख बरंचसं विरघळलं.

परतताना मावशी जीपमध्ये झोपली. मी शोभाला विचारलं, "भावांचं काय आहे?"

तिनं खिडकीबाहेर बघत सांगितलं. थोरला अंगद, त्याला सगळे अण्णा म्हणतात. धाकटा भारत. जमिनी वाटून झाल्या होत्या, बैल वाटून झाले होते, त्यावरून कधी शब्दाला शब्द लागला नाही. भारतच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका छापून आली, तर त्यात अण्णाचं नाव मुलीच्या मामाच्या नावाखाली. भारत म्हणाला छापणाऱ्याची चूक झाली. अण्णा म्हणाला, छापायच्या आधी वाचलं कुणी? लग्नाच्या दिवशी अण्णा शेतात जाऊन बसला. दोनदा बोलवायला माणूस गेला, आला नाही. त्या मुलीला आता बालवाडीत जाणारी पोर आहे, आणि भाऊ अजून बोलत नाहीत.

"एका पत्रिकेवरून?" मी म्हटलं.

"तुमच्यात मानपानावरून भांडत न्हाईत का?"

भांडतात.

"येळवशीला आधी एकच कोप असायची," शोभा म्हणाली. "आता बांधाच्या अलीकडं एक, पलीकडं एक. आणि माय अर्धं जेवण हिकडं करते, अर्धं तिकडं. तिची एकच इच्छा हाय. तिच्याकडं दोघांचा मिळून एकबी फोटू न्हाय. लहानपणी कोण फोटू काढणार होतं? आणि मोठेपणी जवळ उभे राहिनात."

तेव्हा मला कळलं की आपल्याला हुरडा खायला बोलावलेलं नाही.

येळवस

सकाळी शोभाच्या भावांच्या गावात पोचलो तर वाटेनं माणसांची रांग लागलेली. कुणाच्या डोक्यावर आंबिलीचं मडकं, कुणाच्या हातात भाकरीची टोपली, बैलगाडीत बसलेल्या म्हाताऱ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गच्च भरलेली पोरं. ओलांडलेल्या प्रत्येक शेतातून "या, जेवायला या" अशी हाक.

अण्णांच्या शेतात आधी गेलो. गुलाबी फेटा, भरघोस मिशा आणि सदऱ्याची बटणं ताणणारं पोट. त्यांनी माझं मनापासून स्वागत केलं. कोपीत वाकून शिरलो. आतला उजेड कडब्यातून गाळून आल्यासारखा सोनेरी होता. चुन्यानं रंगवलेले पाच दगड, त्यांच्यापुढे बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, भज्जी. मी लेन्सचं टोपडं काढलं आणि रिंग गोल चित्राकडे फिरवली. कोपीत दोन माणसं बसली की जागा संपते, साध्या लेन्सला तिथं फक्त एक दगड आणि अर्धा हात दिसला असता. या लेन्सनं मात्र सगळं घेतलं, दगड, पोळ्या, वर जुळलेली ताटं, दारातून डोकावणारी अण्णांची बायको, आणि माझा गुडघा. गुडघा सोडला तर या सफरीतला हा माझा सर्वात आवडता फोटो.

पूजा झाली, "हर हर महादेव" झालं, कोपीभोवती फिरून आंबील शिंपडली. मग जेवण. भज्जी भाकरीवर घेऊन खायची, वर आंबील प्यायची. ताकात ज्वारीचं पीठ शिजवलेली, लसणाची, आंबट, गार आंबील. मी दोन भाकऱ्या संपवल्या, तिसरी पानात पडली आणि मावशी उठली.

"चल बाई," ती मला म्हणाली. "आता पल्याडचं जेवण."

शोभाच्या खांद्यावर हात टाकून ती बांध चढली. अण्णांनी मान फिरवून हरभऱ्याकडे बघायला सुरुवात केली. पलीकडे भारत उभा होता, सडपातळ, टोपी घातलेला, उंच कपाळाचा. त्याची बायको हातात ताट घेऊनच वाट बघत होती. तीच भज्जी, तीच आंबील, फक्त तिखट जरा कमी. पाहुणीनं नाही म्हणायची तिथं पद्धत नाही. मी पुन्हा जेवले. आमच्याकडे एवढ्या जेवणानंतर माणूस आडवा होतो. इथं मावशीनं हात धुतले आणि जाहीर केलं, "आता फोटू. दोन्ही घरं. एकात."

मग शोभा बांधावर जाऊन उभी राहिली आणि दोन्हीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुणी कुणाच्या शेतात जायचं न्हाय. जो तो आपापल्या रानात उभा ऱ्हाईल. हिची लेन्स दोन्हीकडचं घेते."

याला कोणाला हरकत घेता आली नाही. मी बांधावर तिपाई लावली, रिंग फिरवून चौकटभर चित्र घेतलं. अलीकडे अण्णांचं कुटुंब, पलीकडे भारतचं, मध्ये मावशी. फोटो काढून तिला पडद्यावर दाखवला. फोटोत भलंमोठं बांधाचं गवत, वर आभाळ, आणि दोन्ही बाजूंना मुंग्यांची रांग.

"ह्यात माजे ल्योक कुठले?"

"जवळ यायला हवं," मी म्हटलं. "ही लेन्स लांबच्याला लहान करते."

दोघंही दोन पावलं आले. पुन्हा फोटो, पुन्हा मुंग्या, जरा मोठ्या. "आणखी जवळ." असं करत करत दोघं बांधाला टेकले. आता मावशीच्या एका हाताला अण्णा, दुसऱ्या हाताला भारत. मी खूश झाले, बटण दाबलं आणि मोठ्या अभिमानानं सगळ्यांना दाखवायला गेले. तिथं घोटाळा झाला. फिशआय कडेच्या माणसाला ताणते. अण्णांचं पोट पेंढ्याच्या गंजीसारखं आलं होतं आणि भारतचं कपाळ दुधी भोपळ्यासारखं लांबलं होतं.

"ताई, मला मधी घ्या," अण्णा म्हणाले.

"मधी मी येतो," भारत मला म्हणाला. "त्यांचं पोट तसंबी मावणार न्हाय."

अण्णांनी माझ्याकडेच बघत विचारलं, "त्याला सांगा, थोरला कोण हाय?"

"थोरला हाय तर लग्नाला यायचं व्हतं!"

आता कोणी माझ्यामार्फत बोलत नव्हतं. इतक्या वर्षांनी दोघं समोरासमोर बोलत होते, आणि ओरडत होते. पत्रिका निघाली, मामा निघाला, कोणी कोणाला बोलवायला पाठवलं तेही निघालं. शेजारच्या शेतातले लोक जेवता जेवता उठून बघायला लागले. अण्णांची बायको पदर तोंडाला लावून उभी, भारतची बायको रडायच्या बेतात. मावशी बांधावर खाली बसली. सणाच्या दिवशी पाहुणी म्हणून यायचं आणि एवढं करून ठेवायचं! लेन्स पिशवीत टाकून पहिली बस गाठावी असं वाटलं.

पण मावशी खाली बसली होती म्हणूनच मला ते सुचलं. मी भारतच्या कोपीतलं घोंगडं मागून घेतलं, त्याची घडी बांधावर मावशीजवळ ठेवली आणि त्या घडीवर कॅमेरा उताणा ठेवला, लेन्स आभाळाकडे. रिंग गोल चित्राकडे फिरवली.

"असा काढू या," मी म्हटलं. "सगळ्यांनी भोवती गोल उभं राहून वाकायचं. मध्ये कोणीच नाही. कडेला सगळेच."

"मधी काय येणार मग?" अण्णांनी विचारलं. ते अजून धापा टाकत होते.

"आभाळ."

दोघांनी वर बघितलं. आभाळाशी भांडता येत नाही.

आधी वाकली ती शोभा. मग मावशीच्या दोन्ही सुना, मग अण्णांचा मुलगा-सून, भारतची मुलगी तिच्या पोरीला कडेवर घेऊन. मावशी बसल्या जागीच कॅमेऱ्याकडे झुकली. अण्णा म्हणाले, "मला वाकता येत न्हाय," आणि वाकले. मग भारतही. मी टायमर लावून गोलात घुसले. बांध मध्ये, दोन्हीकडे उतार, आणि सगळे पुढे झुकलेले. लाल दिवा लुकलुकायला लागला. एवढ्यात अण्णांचा फेटा सुटून थेट लेन्सवर पडला. पहिला फोटो काळा.

दुसऱ्या वेळी सूर्य आडवा आला. उताण्या फिशआयमध्ये सूर्य हमखास शिरतो आणि चित्रभर ठिपके पाडतो. त्याला झाकायचं तर कोणीतरी बरोबर सूर्यासमोर यायला हवं. ते काम पुन्हा बांधलेल्या फेट्याचंच होतं. "अण्णा, थोडं डावीकडे. अजून. बस." अण्णांना हे फार आवडलं. "म्या न्हाय तर फोटू न्हाय," त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. भारत ते ऐकून आणखी पुढे झुकला, त्याचा पाय बांधावरून घसरला आणि दोन्ही भावांची डोकी असा आवाज करत आपटली की पलीकडच्या शेतातून कोणीतरी "अरारा" म्हणालं. पडू नये म्हणून भारतनं अण्णांचा खांदा धरला. अण्णांनी त्याचा दंड धरून त्याला हातभर मागे रेटलं. टायमर संपला, शटर पडलं.

आधी कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. बहुतेक कडेवरची पोर. ती हसली तशी तिची आई हसली, मग सुना, मग शोभा पोट धरून खाली बसली. अण्णा कपाळ चोळत होते.

"लागलं का?" भारतनं विचारलं.

"तुला?"

"न्हाय."

"मलाबी न्हाय."

पडद्यावर फोटो बघायला सगळे गोळा झाले. मध्ये निळं आभाळ, भोवती चेहऱ्यांचं कडं. सगळ्यांच्या मिशा, कुंकवं, दात नको इतके स्पष्ट. अण्णा आणि भारत अगदी समोरासमोर, एकमेकांना धरून, दोघांचेही डोळे मिटलेले आणि तोंडं उघडी. मावशी सगळ्यात जवळ बसली होती म्हणून तिचा चेहरा सगळ्यात मोठा.

"डोळे मिटलेत. दुसरा काढा," अण्णा म्हणाले.

"ह्योच," मावशी म्हणाली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं, आधी एका मुलावर, मग दुसऱ्यावर. बोटाचं तेल पडद्यावर उमटलं. ते मी पुसलं नाही.

भारतनं वाकून पुन्हा बघितलं. "अण्णा, तुमचं पोट कुठं गेलं ह्यात?"

"खालून काढलं की न्हाय दिसत," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "ताई हुशार हायत."

यानंतर दोघं गळ्यात पडले असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. अण्णा आपल्या हरभऱ्यात परत गेले, भारत आपल्या. पण थोड्या वेळानं भारतची बायको आंबिलीचा तांब्या घेऊन बांधावर आली आणि तिथंच उभी राहिली. अण्णांनी तिथूनच पाहिलं, आले, तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या प्याले.

"लसूण कमी हाय," ते म्हणाले, आणि तांब्या रिकामा करूनच परत दिला.

संध्याकाळी गावाकडे परतताना दोन्ही घरं वेगवेगळ्या गाड्यांतून गेली, पण मधलं अंतर फार नव्हतं. मावशी थोरल्याच्या गाडीत बसली आणि सगळी वाट मागच्या गाडीशी बोलत राहिली.

चिपळूण

घरी आल्यावर सुहासनं सगळे फोटो बघितले. माकडाच्या नाकाचा बघून म्हणाला, "माझ्यापेक्षा याला बरा काढलायस." गोल फोटोच्या मी दोन मोठ्या प्रती करून घेतल्या आणि चौकटीत बसवायला दिल्या. चौकटीवाल्यानं फोटो हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवला.

"ताई, वरची बाजू कुठली?"

मी बघितलं. खरंच सांगता येईना. कोणाला वर धरावं तर समोरचा उलटा टांगलेला.

"चारी बाजूंना कड्या लावू का?" त्यानं विचारलं. "मग कसाही टांगता येईल."

मी लाव म्हटलं. पार्सल गेलं, आणि काही आठवड्यांनी शोभाचा फोन आला. अण्णांच्या घरात अण्णा वर आणि भारत उलटा. भारतच्या घरात भारत वर आणि अण्णा उलटे. मावशी दोन्हीकडे आडवी.

"कळलं कसं त्यांना एकमेकांचं?" मी विचारलं.

"भारत बघायला गेला ना, कसा टांगलाय ते. चहा प्याला आणि उठताना गुपचूप फिरवून आला. अण्णाच्या दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं. मग अण्णा भारतकडं गेला, जेवला आणि तिथला फिरवला. आता दर आठ-पंधरा दिवसाला हेच. कधी ह्यो जातो, कधी त्यो. सुनांना चहाचं आदण ठेवावं लागतं."

"आणि मावशी? तिची काही तक्रार?"

"हाय की," शोभा म्हणाली. "म्हणती, दोन्हीकडचे खिळे ढिले व्हायलेत, मोठे ठोका."